नोंदीपुरता पश्चात्ताप

आमच्या ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे एरवी पक्कड घेऊन बसावं लागतं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मामाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगा मुका नाही ना गं?" तर असा हा माणूस आयुष्यात एकदाच भडाभडा बोलला, आणि तेही नेमकं जिथे गप्प बसायचं तिथे.

हे लष्कराच्या श्वानपथकात होते. कुत्र्याला सुरुंगाचा वास घ्यायला शिकवायचं आणि मग त्याच्या मागोमाग आपण चालायचं, हे ह्यांचं काम. कुत्रं म्हातारं झालं, नाक दगा द्यायला लागलं, की त्याला सुई टोचून संपवायचं, असा त्या तुकडीचा नियम. सुईच्या दिवशी सकाळी ह्यांनी आपली कुत्री, काळी, रेशनच्या गाडीत पोत्यांमागे बसवली आणि थेट घरी आणली. सरकारी मालमत्तेची चोरी आणि कामावरून पळ काढणे, असे दोन आरोप. गंमत बघा, जिची चोरी झाली ती कुत्री परत न्यायला कुणीसुद्धा आलं नाही. ह्यांना मात्र गैरवर्तनाचा शेरा मारून घरी पाठवलं. काळी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून चांगली सहा वर्षं जगली आणि एका दुपारी झोपेतच गेली. शेरा तेवढा राहिला.

त्या शेऱ्यापायी हे फरशीच्या गोदामाचे रखवालदार झाले. फरशी कोण उचलून नेणार आहे? तरी हे डोळ्यांत तेल घालून राखतात. यंदा विमानतळाच्या श्वानपथकाला कुत्री शिकवणारा माणूस हवा होता. तिथल्या प्रमुखाने ह्यांना कुत्र्यांमध्ये अर्धा तास सोडलं आणि म्हणाला, "मला हाच माणूस पाहिजे. तेवढा शेरा काढून आणा." वयाची अट पंचेचाळीसची, आणि हे दोन महिन्यांत पंचेचाळीस पूर्ण करणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. त्या दिवशी हे घरी आले ते शीळ वाजवत. काळी गेल्यापासून मी ती शीळ ऐकली नव्हती.

शेरा पुसून नुसतं 'सेवामुक्त' लिहा, असा अर्ज पुनर्विचार मंडळाकडे करता येतो. एकदाच. मी अर्ज केला, आणि आधी तिथे जाऊन आलेल्या दोघांना गाठून सगळी चौकशीही केली. दोघांनी एकच सांगितलं. बाकी काही असो, शेवटी अध्यक्ष विचारतात, पश्चात्ताप होतो का? हो म्हणायचं आणि तोंड मिटायचं.

मग आमच्या घरात मीच अध्यक्ष झाले. कांदा चिरता चिरता मध्येच विचारायचे.

"पश्चात्ताप होतो का?"

"हो."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"शाबास."

मंडळाची खोली साधीच होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून फायलींवर काचेचे गोळे. मध्ये अध्यक्ष, निवृत्त कर्नल. त्यांच्या एका बाजूला एक डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला जांभया गिळत बसलेला एक अधिकारी. मला भिंतीलगतच्या खुर्चीवर बसू दिलं, एक अक्षर बोलायचं नाही या अटीवर. मला ही अट घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

कर्नल वाईट नव्हते. ह्यांचं जुनं काम त्यांनी वाचून काढलं होतं, त्याचं कौतुकही केलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"होतो, साहेब," हे म्हणाले. "रोज होतो."

'रोज' आमच्या पाठात नव्हतं. पण वाटलं, वा, स्वतःच्या पदरचं घातलं माणसाने, आणि छान घातलं. कर्नलांनी पेनचं टोपण काढलं. माझा टांगणीला लागलेला जीव भांड्यात पडला. आता उठा, मी मनातल्या मनात ह्यांना म्हणत होते, उठा आणि चालू लागा.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. भल्या बाई होत्या, ह्यांच्या भल्यासाठीच विचारत होत्या. "नोंदीत जरा नीट येऊ दे. रोज म्हणजे नेमकं कशाचं वाईट वाटतं तुम्हाला?"

"एकच आणली त्याचं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी दोघांना सुई होती, बाई. काळीला आणि अजून एकाला. तो जुना. माझ्या हाताखाली पिल्लाचा मोठा झालेला. आज मी दोन पायांवर उभा आहे तो त्याच्यामुळे. पण गाडी दिसली की त्याला आनंद व्हायचा, भुंकायचा. फाटकावरच सापडलो असतो. काळी गप्प राहणारी, म्हणून काळीला उचललं. तर तो पट्टा तोंडात धरून पुढे आला. त्याला वाटलं, कामावर निघालोय. मी त्याला म्हटलं, बस. बसला. मी बस म्हटलं की मी परत येईपर्यंत तो हलायचा नाही. मीच शिकवलं होतं तसं."

अधिकाऱ्याची जांभई अर्ध्यावर राहिली. काळीला मी हाताने भरवलं, तिची औषधं केली, तिच्यासाठी रडले. या माणसाच्या पोटातलं सगळं मला ठाऊक आहे अशा तोऱ्यात मी इतकी वर्षं वावरले. आणि हा दुसरा कुत्रा कधी एका शब्दानेही माझ्या कानावर आला नव्हता.

कर्नलांच्या हातात पेन तसंच होतं. ते म्हणाले, "हे बघा, झालं ते झालं. पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही असं काही करणार नाही, एवढं मला लिहून घेऊ द्या. करणार नाही ना?"

घास अगदी तोंडापाशी आणून धरला होता त्यांनी. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मोठे करून मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. हे माझ्याकडे असे बघत होते की मला कळून चुकलं. माफी मागत होते.

"दोघांना नेईन, साहेब," हे म्हणाले.

तासाभराने कारकुनाने बाहेर येऊन सांगितलं, अर्ज नामंजूर. डॉक्टरीणबाईंनी आमच्या बाजूने मत दिलं होतं, पण त्या एकट्या पडल्या. मला कुणावर तरी भडकायचं होतं. पण कर्नलांवर कसं भडकू? समोरचा तोंडावर सांगतोय की पुन्हा करीन, त्यावर ते बिचारे काय लिहिणार?

म्हणून मग ह्यांच्यावरच भडकले. जिना उतरेपर्यंत दम धरला, आवारात आल्यावर सुटले. "एक 'नाही' म्हटलं असतंत तर जीभ झडली असती का?"

"नसती झडली."

"मग?"

"त्याच्याबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं," हे म्हणाले. "पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. तिथेच खोटं बोलू?"

माझा राग तिथल्या तिथे बसला आणि मला फार वाईट वाटलं. विमानतळाचं वाटलं. ह्यांना आता कुणी कुत्री शिकवायला देणार नाही याचं वाटलं. उद्यापासून हे पुन्हा त्या फरश्यांसमोर जाऊन बसणार होते, आणि शीळ काही वाजणार नव्हती. चालता चालता आम्ही फाटकापाशी आलो.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

हे थांबले. "नाव घेतलं की तो उठून यायचा. म्हणून त्या दिवशी नुसतंच 'बस' म्हटलं. त्यानंतर कधी घेतलं नाही."

"आता घ्या."

मग त्यांनी नाव घेतलं, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू. आणि घेतल्याबरोबर मागे वळून पाहिलं.