राजाने लावलेली कडी

दादरच्या एका पुस्तकाच्या दुकानात हितेंद्र वाचकांना सह्या देत बसला होता. आपल्या कादंबरीतलं उडत्या महालांचं राज्य आपण शून्यातून उभं केलंय, असं तो प्रत्येकाला ठासून सांगायचा. तेवढ्यात लालबागच्या सुभद्राकाकी, सत्तरीतल्या निवृत्त नर्सबाई, पुढे आल्या आणि त्यांनी त्या कादंबरीचे तिन्ही भाग टेबलावर ठेवले.

"तुमच्या राज्यात दिवसा कोणी दार लावत नाही. राक्षससुद्धा नाही. चाळीतले ना तुम्ही?"

हितेंद्र चपापला. गेली दहा वर्षं तो टॉवरमध्ये दार बंद करून लिहीत होता, पण हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"हो, परळचा," तो हसून म्हणाला.

"मग सांगा, तिसऱ्या भागात राज्य गेल्यावर राजा भर दुपारी घरी येऊन आतून कडी लावतो. चाळीत असं उगाच कोणी करत नाही. हे कुठून सुचलं?"

"कल्पना हो, दुसरं काय!" म्हणत त्याने पेन उचललं. सही मात्र होईना.

"बाबांनी लावली होती," तो हळूच म्हणाला. "गिरणी बंद झाली त्या दिवशी. मी शाळेतून येऊन बाहेर उभा होतो."