हिराबाईची खुर्ची

"पेशंट कोण?" पूर्णिमा मॅडमनी विचारलं.

"ह्यो," टेम्पोभर माणसांनी एकदम कृष्णातकडे बोट केलं.

कसबा बावड्यातला माणूस डॉक्टरकडे एकटा जात नाही. एकटा गेला तर घरात भांडण झालंय असा समज होतो. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडेही मग सगळी भावकीच आली होती. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणं सोडलेल्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मॅडमचीच खुर्ची धरली होती.

"ह्येचा आवाज गेलाय. नरड्याचा डॉक्टर म्हनतोय, नरडं ब्येस हाय. बायकू, हिराबाई, गेल्यापास्नं नुसता खरखरतोय. आन पाडव्याला मोना पळवायची हाय."

"मोना कोण?"

"म्हस की."

दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशी नटवून पळवतात. पुढे मालकाची मोटारसायकल, मागे मालकाच्या हाकेवर म्हैस. हाक नाही तर म्हैस नाही, आणि म्हैस नाही तर त्या माणसाला बावड्यात कोण विचारतो?

मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं. आक्का निषेध नोंदवून शेवटी गेली.

"हिराबाई गेल्या तेव्हा रडलात?"

"सवड न्हवती. पावणं हुतं, त्यास्नी च्या-पानी कोण बगनार? आक्का म्हनली, बाप्यानं रडू नगं."

"हाक काय मारायचा त्यांना?"

"आगं म्हनायचो." मग खांद्यावरचा टॉवेल हातात घेत, "दवाखान्यात तिला आत न्येताना नावानं वरडावं वाटलं. पर सगळी हुती की."

"ती हाक अजून तिथंच अडकलीय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक मोकळी खुर्ची समोर ओढली. "त्या इथं बसल्यात असं समजा. बोला."

कृष्णातनं आधी खुर्ची टॉवेलनं पुसली. पहिल्या खेपेला तिला वैरणीचा भाव सांगितला, दुसऱ्या खेपेला दुधाचं फॅट. पुढच्या खेपेला म्हणाला, "तुला एकटीला आत सोडाया नगं हुतं गं," आणि बाहेर ऐकू जाईल असा रडला. आक्का तरातरा दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला, आणि परत येऊन बसली.

पाडव्याला बावडा उसळला. हलग्या कडाडल्या, सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्या फाडफाडू लागल्या. शिंगं रंगवलेली, कवड्यांची माळ ल्यालेली मोना मात्र रस्त्याच्या मधोमध उभी राहिली ती हलेना. पुढे गाडीवर कृष्णात. हलग्या थांबल्या.

त्यानं छातीभर श्वास घेतला.

"हिराऽऽ, ये गंऽऽ."

अख्ख्या बावड्यानं ऐकलं. मालकाचा आवाज ओळखून मोनानं कान टवकारले, शेपूट उभारली आणि अशी सुटली की रस्त्यातल्या बघ्यांनी गटारं जवळ केली. शिट्ट्या, गुलाल, नुसता कल्ला.

"तात्या, म्हशीचं नाव मोना न्हवं?" रस्त्याच्या टोकाला एकानं विचारलंच.

"म्हशीचं मोनाच हाय," कृष्णात म्हणाला आणि मोनाच्या मानेवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

"सरका की बाजूला," आक्का गर्दीवर खेकसली. "रडू द्या त्येला."

संध्याकाळी फराळाला घर भरलं. खुर्च्या संपल्या. अंगणात एक तेवढी मोकळी होती, सकाळीच टॉवेलनं पुसून ठेवलेली.

"बसा की आक्का," कुणीतरी म्हणालं.

आक्कानं खुर्चीकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात रोवून, कण्हत-कुथत, तिच्या शेजारी जमिनीवर बसली.