खणात ठेवलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यातली. साठ इंचांची, पिवळी. एका कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणींवर एका दमात आकडे छापले गेले आणि मी मास्तरांच्या दुकानात आले. माझे पहिले दोन आकडे त्यांच्या अंगठ्याने कधीच पुसले गेले. मास्तरांचं माप चुकत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत, तेव्हा मला उगाचच मिरवावंसं वाटे.

मास्तर सातवी शिकलेले. त्यांची मुलगी परगावी पदार्थविज्ञान शिकत होती आणि त्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, याची त्यांना खंत होती. सुट्टीत ते तिच्या मागेच लागले. मग तिने कापड बेतायच्या टेबलावर खडूने ठिपके काढून सांगितलं, की इलेक्ट्रॉन बटणासारखा नसतो. मोजेपर्यंत त्याची जागा ठरलेलीच नसते, आणि मोजलं की तो आधीसारखा राहत नाही. मास्तर खूश झाले. गिऱ्हाईकही तसंच, म्हणाले, टेप लावली की पोट आत घेतं. मुलगी हसली. हा नियम माणसांना का लावायचा नाही, ते पुढच्या सुट्टीत सांगते म्हणाली आणि गेली.

दरवर्षी मास्तर बायकोसाठी स्वतः एक ड्रेस शिवत. त्या वर्षी मालकीणबाईंची कंबर चौतीसची एकतीस भरली. पोट आत घेतलं होतं, असं त्या म्हणाल्या. महिन्याभराने एकोणतीस. जुनी टेप ताणली जाते, म्हणून मास्तरांनी मला लोखंडी पट्टीशी ताडून पाहिलं. मी बरोबर होते. मित्रांनो, तेव्हा मी चुकीची निघाले असते तर किती बरं झालं असतं.

डॉक्टरकडे जाऊ या, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण डॉक्टर काय सांगतील, या भीतीने त्यांनी ते गिळून टाकलं.

"मोजल्यामुळेच बदलत असेल," ते बायकोला म्हणाले. "आता मोजायला नको."

मालकीणबाईंनाही तेच हवं होतं. मला गुंडाळून खणात टाकलं गेलं आणि गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आली. मालकीणबाईंच्या कपड्यांची शिवण मात्र मास्तर अंदाजाने आत घेत राहिले.

सहा महिन्यांनी मुलगी आली. आईला दारात पाहून तिच्या हातातली बॅग हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बराच उशीर केलात. दोन महिन्यांत मालकीणबाई गेल्या.

राहिलेला धडा मास्तरांनीच मागून घेतला. मुलीने पुन्हा खडू उचलला.

"बाबा, इलेक्ट्रॉन सगळ्यांपासून वेगळा, एकटा असला तर हे चालतं. आपल्याला हवा धडकत असते, आपल्यावर उजेड पडत असतो. कुणी टेप लावो न लावो, सगळं जग आपल्याला सारखं मोजतच असतं."

मास्तर बराच वेळ ठिपके पुसत बसले.

"म्हणजे उजेडसुद्धा तिला रोज बघत होता," ते म्हणाले. "मीच तेवढा बघत नव्हतो."

त्या दिवशी त्यांनी मला खणातून काढून पुन्हा गळ्यात घातलं. आता कुणी पोट आत घेतलं की ते थांबतात आणि श्वास सोडायला सांगतात. पूर्वीसारखं हसत नाहीत. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या कुणाचे कपडे सैल व्हायला लागले, तर नुसती शिवण आत घेऊन भागवू नका.