लाल दोऱ्याचा बाहुला

“पण आई, मी बरी झाले का?”

यीनिंग यान्यानच्या पायात दुसरा मोजा चढवत होती. तिचा हात टाचेपाशीच थांबला.

प्रश्न रास्त होता. दोन वर्षं हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरच्या डोंगरावरचा पॅगोडा दिसायचा आणि दोन वर्षं यीनिंग रोज तेच सांगत आली होती: बरी झालीस की आपण वर जाऊ. सुई टोचताना, केस गळताना, तोंड आलेलं असताना कोमट पेज चमच्यानं भरवताना. आता नवरा वेइतुंग दाराशी बूट घालून तयार होता, सासूबाईंनी पिशवी खांद्याला लावली होती आणि पोरीला मात्र हिशोब जुळत नव्हता.

“थोडी झालीस,” यीनिंग म्हणाली.

“थोडी म्हणजे कुठपर्यंत?”

“डोंगरावर जाण्यापुरती.”

यान्याननं तिच्याकडे नीट बघितलं. सहा वर्षांच्या मुलीनं आईकडे इतकं नीट बघू नये. मग तिनं स्वतःच टोपी कानांवर ओढून घेतली आणि म्हणाली, “चालेल.”

आजार तिसऱ्यांदा उलटला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी यीनिंगला जिन्यापाशी नेऊन सांगितलं होतं, “आता घरी न्या. तिला जे हवं असेल ते द्या.” यीनिंग रसायनशास्त्र शिकलेली, प्रत्येक तपासणीतला प्रत्येक आकडा तिला पाठ. सवयीनं तिनं विचारलं, “जे हवं ते म्हणजे काय काय?” जणू पथ्यच विचारत होती. डॉक्टरीणबाई “ती मागेल ते,” म्हणाल्या.

यान्याननं स्ट्रॉबेरी मागितल्या. दोन घास खाऊन पुरे म्हणाली. भिंतीवर चित्र काढायला मागितलं. मग पॅगोडा मागितला.

वाटेवर सकाळची गर्दी होती. वेइतुंगनं लेकीला पाठुंगळी घेतलं होतं, झोळीच्या पट्ट्यांनी आवळून. यीनिंग एक पायरी मागून चालत होती आणि तिची नजर सारखी पोरीच्या मास्कवर, हातांवर, कानामागच्या कातडीवर फिरत होती. नवा डाग दिसतोय का, ओठ पांढरे पडलेत का. कुणी खोकलं की ती मध्ये उभी राहायची.

“यान्यान, नाकातून रक्त आलं तर?” तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

“लगेच हाक मारायची,” यान्याननं पाढा म्हटल्यासारखं उत्तर दिलं. “पुसत बसायचं नाही, गिळायचं नाही, लगेच ‘आई’ म्हणून ओरडायचं.”

“शहाणी.”

“अगं, डोंगर तरी बघू दे तिला,” सासूबाई पुढून म्हणाल्या. गुडघे दुखायचे म्हणून त्या काठी टेकत खेकड्यासारख्या तिरक्या चढत होत्या. “रक्त रक्त करून घाबरवलंयस पोरीला. वेइतुंग, दमलास? याच वाटेनं तुला पाठीवर घेऊन चढले होते मी. भोपळ्यासारखा जड होतास. आणि तू बघ, पिसाएवढी पोर उचलून धापा टाकतोस!”

पिसाएवढी.  वजन किती उतरलंय ते वेइतुंगच्या पाठीलाच सगळ्यांत जास्त कळत होतं.

वळणावर एक बाई पाकातल्या लाल फळांच्या काड्या विकत होती. ती हसून म्हणाली, “काय गं, एवढी मोठी घोडी बापाच्या पाठीवर? लाज नाही वाटत?”

“मी राणी आहे,” मास्कमागून आवाज आला. “घोडा हा आहे.”

बाई खदखदून हसली. वेइतुंग खिंकाळला. यीनिंगही हसली, आणि हसताना तिनं त्या बाईच्या हाताकडे बघितलं. उघडे हात, त्याच हातानं सुटे पैसे, त्याच हातानं फळं. “नको, नको,” ती घाईनं म्हणाली, कुणी काही मागितलंही नसताना.

पॅगोडा जवळून लहान वाटला. खिडकीतून दिसायचा तो निळसर, हलका, रात्री सोन्यासारखा उजळणारा. इथं विटांना लोणा लागला होता, वरच्या मजल्यांवर गवत उगवलं होतं आणि दाराला कुलूप होतं. यान्याननं बापाला दाराशी न्यायला लावलं आणि फटीला डोळा लावला. आत सिमेंटची पोती आणि एक खराटा.

“आत कुणी राहत नाही?”

“नाही गं,” वेइतुंग म्हणाला.

“मग रात्री दिवे कोण लावतं?”

“ते खालून सोडलेत. बघ, त्या झुडपात.”

यान्याननं झुडपातले धुळकट दिवे बघितले. “हं,” म्हणाली. दोन वर्षं ती खिडकीतून त्या दिव्यांत राहणाऱ्या कुणाला तरी हात हलवत आली होती. यीनिंगला ते माहीत होतं. तिला वाटलं आता पोर रडेल. पण यान्याननं मान वळवून खाली शहराकडे बोट केलं. “ती आपली खिडकी. आता तिथून कोण बघत असेल?”

मग तिनंच खालच्या दिशेनं हात हलवला, उगाच, जरासा.

औषधाची वेळ झाली होती. यीनिंगनं लेकीला पॅगोड्याशेजारच्या देवळाच्या अंगणातल्या बाकावर बसवलं, वेइतुंगला बजावलं, “उन्हात नको, धुरात तर अजिबात नको,” आणि थर्मास घेऊन ती देवळाच्या स्वयंपाकघराकडे गरम पाणी आणायला गेली. तिथं रांग होती. तिनं थर्मास दोनदा विसळून घेतला, झाकण वेगळं विसळलं. परत आली तर बाक रिकामा.

 धुपाच्या धुरातून ती इकडून तिकडे धावली. मुख्य गाभाऱ्यात नव्हते. घंटेपाशी नव्हते. डाव्या हाताच्या लहान मंदिरात, मुलं देणाऱ्या देवीसमोर, तिला वेइतुंगची पाठ दिसली. तो गुडघ्यांवर बसला होता, यान्यान त्याच्या मांडीवर. सासूबाई देवीच्या पायाशी मांडलेल्या मातीच्या बाहुल्यांपुढे उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात लाल दोरा होता.

यीनिंगला तो दोरा माहीत होता. सात वर्षांपूर्वी, दोन गर्भ गळून गेल्यावर, तिनं स्वतः याच ओळीतल्या एका बाहुल्याच्या गळ्यात तो बांधला होता. शिकलेल्या सुनेनं नाक मुरडत बांधला होता, पण बांधला होता. बाहुला अंगरख्यात लपवायचा, “चल बाळा, आईबरोबर घरी चल” म्हणायचं, आणि देवळाच्या उंबऱ्यापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत मागे वळून बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बघितलं तर मूल माघारी जातं. वर्षाच्या आत यान्यान झाली होती.

“काय चाललंय हे?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

सासूबाई वळल्या. “हळू बोल. देवीसमोर आहेस.”

“अहो आई, ती इथं बसलीय. तुमच्यासमोर. जिवंत! आणि तुम्ही तिच्या देखत दुसरं...”  तिनं नवऱ्याकडे बघितलं. “तुला माहीत होतं?”

वेइतुंग लेकीच्या टोपीवरचं लोकरीचं बोंड चाचपत राहिला.

“त्याला काय विचारतेस? मला विचार,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. धुरानं म्हणावं तर तिथं धूर नव्हता. “रात्रभर तू तिच्या नाकाशी बोट धरून बसतेस. मला दिसत नाही होय? पुढं ते बोट कुठं धरणार आहेस, सांग. मी म्हातारी आज आहे, उद्या नाही. हा तर तोंड उघडत नाही. मग तू काय करशील? त्या खिडकीतून उडी मारशील?”

“मला नको. मी बांधणार नाही. चल यान्यान.”

“आई,” यान्यान म्हणाली. “मीच निवडला.”

तिनं बोट दाखवलं. एका कडेचा बाहुला, गुबगुबीत, एका गालावरचा रंग पुसलेला. “आजी म्हणाली हसरा घे. पण हसरे सगळेच नेतात. याला कुणी नेणार नाही. आणि याचे कान बघ, बाबासारखे आहेत.”

यीनिंग खाली बसली. थर्मास तिच्या हातात तसाच होता.

“तुला कुणी सांगितलं हे सगळं?”

“आजीनं. मला पण तू असंच नेलं होतंस ना? अंगरख्यात?” मग जरा थांबून, सावकाश, जणू आईला अवघड पडू नये म्हणून: “मी नसले की तू ओरडशील कुणाला? हात धू, मास्क लाव, असं? बाबा तर ऐकतच नाही. घे ना, आई. मला हवाय.”

मला हवाय. यीनिंगनं दोरा घेतला. तिला गाठ जमेना, ती सासूबाईंनी मारली. ‘चल बाळा, आईबरोबर घरी चल’ हे तिच्या तोंडून निघेना, तेव्हा यान्याननंच ते बाहुल्याच्या कानात सांगितलं. नंतर यीनिंगनं औषध पाजलं, तोंड पुसलं, झोळीचे पट्टे आवळले. बाहुला अंगरख्याच्या आत, छातीशी. कच्च्या मातीचा, गार.

“आता तू पुढं,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही मागून येतो. मागं बघू नकोस.”

ती उंबरा ओलांडून चालू लागली.

पाठ म्हणजे तिला आजवर नुसती पाठ होती. आता तिला वाटलं तिथंच डोळे फुटताहेत. डोळ्यांसमोर पायऱ्या होत्या, वर चढणारी माणसं होती, आणि ती फक्त मागचं ऐकत होती. वेइतुंगचे बूट. सासूबाईंची काठी. एकदा यान्यानचं खोकणं, लहानसं. कोरडं की ओलं? दिसलं असतं तर कळलं असतं. फळांच्या काड्या विकणारी बाई ओरडली, “ए राणी, चाललीस का?” यीनिंग राणीच्या उत्तराची वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही.

झोपली असेल. औषधानं झोप येते.

पुढच्या वळणावर समोरून एक जोडपं येत होतं. बाईनं यीनिंगच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तिनं नवऱ्याची बाही ओढली, दोघं कडेला सरकली. यीनिंग आणखी एक पायरी उतरली. हाक नाही. रक्त आलं तर ती हाक मारते, तिला शिकवलंय, झोपेतसुद्धा मारते. हाक नाही म्हणजे काही नाही. आणखी एक पायरी. छातीशी माती गरम होऊ लागली होती.

ती वळली.

वेइतुंग खाली मान घालून सावकाश उतरत होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या मानेवरून, कॉलरमधून रक्त झिरपत होतं. त्याला तो घाम वाटला असावा. यान्यान जागी होती. तिनं स्वतःच्या दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं, मास्कवरून, आणि बोटांच्या फटींतून लाल धार मनगटापर्यंत आली होती. डोळे आईवर लागलेले, टक्क उघडे.

यीनिंग दोन उड्यांत वर पोचली. मास्क काढला, डोकं पुढं झुकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला. “थुंक. गिळू नको. थुंक. हाक का नाही मारलीस? मी काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं तुला?”

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. वेइतुंग मानेला हात लावून आपल्याच बोटांकडे बघत राहिला.

बराच वेळ लागला. कापूस बदलला, परत बदलला. थर्मासमधलं पाणी हात धुण्यात संपलं. अखेर धार थांबली तेव्हा यान्यानचा चेहरा मेणासारखा झाला होता, आणि ती रडत होती. दुखतंय म्हणून नाही.

“मी हाक मारलीच नव्हती,” ती म्हणाली. “मी कित्ती वेळ धरून ठेवलं होतं. तू का बघितलंस? आता तो गेला.”

“जाऊ दे त्याला.”

“नाही!” एवढ्या जोरात ती आठवड्यात बोलली नव्हती. “मला हवाय, मी सांगितलं ना. आजी, गेला का गं तो?”

सासूबाईंनी पदराआड लपवावं तसं तोंड बाहीत लपवलं होतं. बाहीतूनच म्हणाल्या, “नाही गेला. देवीला दिसलं नाही. वळण आहे इथं.”

“बघ, नाही गेला,” यान्यान आईला म्हणाली. “जा ना. पुढं जा. आता नको बघूस.”

“यान्यान, मला तुझ्याजवळ...”

“जा ना गं, आई.”

यीनिंगनं तिच्याकडे बघितलं. टोपी, कापसाचे बोळे, हनुवटीवर राहिलेला एक वाळका थेंब. तो तिनं अंगठ्यानं पुसला. टोपी नीट केली. आणखी काही करण्यासारखं शोधलं, उरलं नव्हतं. जे मागेल ते द्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

ती उठली, वळली आणि उतरू लागली. मागे बूट वाजले, काठी वाजली. त्या दोन आवाजांच्या मध्ये, जिथं तिसरा आवाज असायचा, तिथं लेक तोंड मिटून बसली होती, आणि यीनिंग एकेक पायरी उतरत राहिली.