ज्याचं त्याचं गाणं

डेन्मार्कमध्ये जटलंडच्या खाडीकाठी आमची लोकशाळा आहे. परीक्षा नाही, पदवी नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं सहा महिने येऊन राहतात, शिकतात, भांडतात आणि जातात. मी तिथे पियानो वाजवते. न्याहारीनंतर सगळ्यांनी सभागृहात जमून गायचं, ही शाळेची जुनी रीत. जो दांडी मारेल त्याला भांडी घासावी लागायची.

तोर्किल ब्रून राजकीय तत्त्वज्ञान शिकवायला आला, त्याच हिवाळ्यात नदीमनं या रितीला हरकत घेतली. त्याचे आईवडील सीरियातल्या अलेप्पोहून आलेले, तो स्वतः इथल्याच ओर्हूस शहरात वाढलेला. यातली निम्मी गाणी तुमच्या देवाची, ती माझ्या तोंडी कशाला, असा त्याचा सवाल होता. तोर्किलनं त्याची बाजू घेतली. चांगलं जगणं कशाला म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. सरकारनं किंवा शाळेनं त्यात नाक खुपसू नये, असं तो पोटतिडकीनं बोलला. मतदान झालं आणि गाणं ऐच्छिक झालं. मलाही ते पटलं होतं.

हळूहळू सकाळचं सभागृह रिकामं होत गेलं. समोर चार-पाच जण, त्यातला एक पेंगणारा. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. मुलं उशिरा उठायची, ताट घेऊन खोलीत जायची. सगळे एकमेकांशी फार अदबीनं वागायचे.

एके दुपारी विगा नावाची मुलगी बॅग घेऊन बसथांब्यावर उभी असलेली तोर्किलला दिसली. शाळा सोडून निघाली होती. कुणी त्रास दिला का, असं त्यानं विचारलं.

"त्रास कोण देणार?" ती म्हणाली. "आठवडाभर मी खोलीत पडून होते. कुणी दारसुद्धा वाजवलं नाही."

"आम्हाला वाटलं, तुला एकटीला राहायचं असेल."

"वाटलं ना? मग विचारायचं होतंस."

बस आली आणि ती गेली. तोर्किल थेट माझ्याकडे आला, कोटही न काढता पियानोशेजारी बसला. म्हणाला, "जबरदस्ती करू नये, हे मी जन्मभर शिकवत आलो. पण हाक मारणं हीसुद्धा जबरदस्तीच, असं कधीपासून धरून बसलो, तेच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारोदार फिरला. आम्ही गातोय, यायलाच हवं असं नाही, पण आलात तर बरं वाटेल, एवढंच सांगायचा. कुणी उशी फेकली, कुणी झोपेचं सोंग घेतलं. नदीमनं अर्धंच दार उघडलं.

"अरे, आमच्या मशिदीतला बांग देणारासुद्धा घरोघर येत नाही. तू तर माझ्या बाजूचा होतास ना?"

"अजूनही आहे. न येण्याचा हक्क तुझाच. पण तू नसलास की तुझी जागा रिकामी दिसते, हे तुला कुणीतरी सांगायला हवं."

नदीमनं अट घातली: एक गाणं माझं. त्याच्या आजीचं, जर्दाळूच्या झाडाचं गाणं त्यानं आणलं. अरबीतले ते घशातले उच्चार आम्हा डेनिश लोकांना जमेनात. नदीम हसून हसून खुर्चीवर वाकला, मग डोळे पुसत म्हणाला, "पुन्हा." त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याच्याभोवती गर्दी होती.

सभागृह भरू लागलं तशी मुख्याध्यापिका सिसेलला जुना नियम परत आणावासा वाटला. तोर्किलनं ठाम नकार दिला. वर्गात नदीमनं त्याला गाठलं: रोज दार वाजवणं हाही उद्या नियमच होईल, मग रे? तोर्किलनं तो प्रश्न तसाच फळ्यावर लिहिला आणि वर्गालाच विचारला. त्यावर मुलं तास संपल्यावरही वाद घालत बसली.

मग तोर्किल विगाला भेटायला होब्रो गावी गेला. ती मावशीच्या बेकरीत काम करत होती. विचारणं माझं काम, ठरवणं तुझं, असं त्यानं सांगितलं. तिनं त्याच्या हातावर एक गरम पाव ठेवला आणि विचार करते म्हणाली.

वसंतात ती परत आली. गात नव्हती, मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसायची. काही दिवसांनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गायला जमत नाही मला. स्वरलिपीची पानं उलटू का तुझी?"

मी सरकून जागा दिली. पहिल्याच गाण्यात तिनं पान आधीच उलटलं. माझी बोटं अडखळली, सूर कोसळले, अख्खं सभागृह गोंधळलं. फक्त तोर्किल डोळे मिटून भसाड्या आवाजात एकटाच पुढे गात राहिला. विगा माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं हसली, आणि मग पान मागे उलटून मला म्हणाली, "चल, पहिल्यापासून."