बाबांचं वजन

सासऱ्यांचं वजन मी उतरवलं. हे मी सात महिने ज्याला त्याला सांगत होते. फोनवर, जिन्यात, मी दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते तिथे गाल धरून बसलेल्या पेशंटनासुद्धा. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

सासूबाई गेल्या आणि आम्ही बाबांना परदेशी, आमच्याकडे आणलं. वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून जन्म काढलेला माणूस. आवाज खणखणीत, पोट त्याच्याही पुढे. विमानतळावर त्यांना पाहूनच मला धडकी भरली, कारण इथे आल्यावर शरीराचं काय होतं ते मी भोगलंय. पहिल्या वर्षी पंधरा किलो चढले होते मला. थंडी, बंद खिडक्या, बोलायला चिटपाखरू नाही, मग हात आपोआप फ्रिजकडे. ते उतरवताना घाम निघाला, आणि उतरल्यावर मी जगाला शहाणपण शिकवायला मोकळी झाले.

"बाबांना राहू दे ना त्यांच्या पद्धतीने," नवरा म्हणाला.

"आजारी पडले तर रजा कोण काढणार? तू?"

तो गप्प बसला. आमच्या घरात तो गप्प बसला की ठराव मंजूर.

सकाळी इमारतीभोवती चार फेऱ्या, लिफ्ट बंद, रविवारी वजनकाटा. आकडे फ्रिजच्या दारावर, खाण्याचा हिशोब माझ्या मोबाइलमध्ये. आम्ही दोघं कामावर, म्हणून दुपारचं जेवण डब्यात काढून ठेवलेलं. रात्री दोन पोळ्या, वाटीभर भाजी, आमटी. मी विचारायचे, "बाबा, आणखी एक पोळी?" ते ताटावर हात आडवा धरायचे. "नको, बास." मी पोळ्यांचा डबा बंद करायचे आणि वर शाबासकी द्यायचे, "वा बाबा, काय कंट्रोल आहे!" ते हसायचे. दुपारचा डबाही संध्याकाळी अर्धा उरलेला दिसायचा. "म्हटलं, तुम्ही दमून येता, तुम्हाला असू दे," असं म्हणायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याची शिस्त बघा.

ब्याऐंशी किलोंचे एकसष्ट झाले. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले तेव्हा मी हौसेने नवीन आणले. गालफडं बसलेली दिसत होती मला, खोटं कशाला बोलू? पण आकडा उतरला की असं काही बरं वाटायचं की चेहऱ्याकडे मी कानाडोळा करत गेले.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या फेरीला ते ना घसरले, ना ठेचकाळले. चालता चालता दारासमोरच्या पायऱ्यांचा कठडा धरून खाली बसले आणि तिथेच आडवे झाले. जिना पुसणाऱ्या बाईने मला फोन केला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज किती खातात? मी मोबाइलमधला तक्ता पुढे केला, तेव्हासुद्धा थोड्या तोऱ्यातच. त्यांनी तो पाहिला, मग बाबांचा दंड चिमटीत धरला.

"गेली ती नुसती चरबी नाही, मांस गेलंय. हे कित्येक महिने अर्धपोटी आहेत, आता तर भूकच मेलीय. दोन दिवसांत तोंडाने खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. या वयात ती पुन्हा निघेलच, असं मी सांगू शकत नाही."

बाहेर येऊन मी नणंदेला फोन लावला. रडत रडत सांगितलं की मी विचारायचे गं, रोज विचारायचे, तेच नको म्हणायचे.

"किती वेळा विचारायचीस?"

"किती वेळा म्हणजे? एकदा."

"वहिनी, बाबा पहिल्या झटक्यात हो म्हणालेत कधी? तो हावरटपणा झाला ना त्यांच्या लेखी. आई तर विचारायचीच नाही. ते नको म्हणेपर्यंत पोळी ताटात पडलेली असायची. तुला माहीत नाही होय?"

माहीत नसायला मी काय आभाळातून पडले होते? माझ्या माहेरीही पाहुण्याने तीनदा नको म्हटल्याशिवाय त्याचं ताट उचलत नसत. पण बाबा पाहुणे कुठे, ते तर घरचेच, असं मी धरून चालले होते. त्यांना हे घर स्वतःचं वाटत नव्हतं. सात महिने माझ्या टेबलाशी ते परक्यासारखे जेवले आणि मी त्यांचे किलो मोजत बसले.

संध्याकाळी जेवणाचा ट्रे आला. बाबांनी नुसता हात हलवला, तशी वाढणारी बाई ट्रे परत न्यायला लागली. मी तो जवळजवळ हिसकावून घेतला.

"बाबा, दोन घास."

"नको."

"थोडं सूप तरी."

"नको गं."

"माझ्यासाठी?"

"खरंच नको, सूनबाई. आता आतच जात नाही."

तिसऱ्यांदा विचारूनही नको. त्यात भीडभाड नव्हती, ते खरंच होतं. मी चमचा धरून तशीच बसून राहिले. त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

शेवटी तेच बोलले. "तू जेवलीस का?"

"हो, झालं माझं." सकाळपासून पोटात चहाचा घोटही नव्हता.

"तो ब्रेड खा त्यातला."

"नको बाबा, भूक नाही."

"अर्धा खा."

"खरंच नको."

"अगं, खा म्हणतो ना!" आवाज फाटला, पण फोरमनचाच होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट वळून बघायला लागला.

नऊ वर्षं झाली मला इथे. एवढ्या वर्षांत मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला नाही. मी ब्रेडचा तुकडा तोंडात घातला आणि तो गिळता येईना, इतकं रडू आलं. माझा घास खाली उतरेपर्यंत बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता मला दे. थोडंच हं."