नदाफमामांचा आयडी

"नदाफ, दार लावून घ्या," उपप्राचार्य शेटे म्हणाले.

चांदसाहेब नदाफांनी दार लावलं आणि ते टेबलापासून दोन पावलं मागे उभे राहिले. विश्रामबागच्या या कॉलेजात त्यांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसणारा परिचर म्हणून ते लागले. पुढे संगणक आले, तारा आल्या, मग तारा गेल्या आणि वायफाय आलं. प्रत्येक वेळी त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि प्रत्येक वेळी बिघाड झाला की सगळे त्यांनाच शोधत आले.

शेट्यांनी एक कागद पुढे सरकवला. "विद्यापीठाकडे आपल्या इनामदारांविरुद्ध तक्रार गेली आहे. निनावी. प्रयोगाच्या वहीवर सही हवी असेल तर सगळे गेल्यावर ये, असं सर म्हणतात म्हणे. तिथं माझा एक मित्र आहे, त्यानं एवढं कळवलं की अर्ज आपल्याच कॉलेजच्या नेटवरून भरलाय. मंगळवारी, दुपारी दोन चाळीसला."

"अशी तक्रार गुप्त असती ना, सर?"

"ते तुम्ही मला शिकवू नका. त्या वेळी आपल्या नेटवर कोण होतं ते तुमच्या यंत्रात दिसतं की नाही?"

"दिसतं."

"मग चार वाजेपर्यंत कागद आणा."

नेटवर्कची खोली जिन्याखाली होती. चांदसाहेबांनी मंगळवारची नोंद उघडली. घरच्या वायफायला सगळ्या घराचा मिळून एक पासवर्ड असतो. कॉलेजचं तसं नव्हतं. इथे ज्याला त्याला आपलं नाव आणि आपला पासवर्ड, आणि कुठल्या नावानं किती वाजता कुठलं पान उघडलं याची ओळन् ओळ यंत्रात राहत असे. विद्यापीठाच्या तक्रारीचं पान त्या दिवशी एकानंच उघडलं होतं. दोन वीसला. नावाच्या रकान्यात होतं : चां. नदाफ. शेजारी लॅपटॉपचं नाव होतं : माया.

त्यांनी ओळ परत वाचली. मग खुर्ची मागे सारून तसेच बसले.

माया कोळेकर आटपाडीकडची. बाप बिराप्पा, तिचा आबा, मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर. पोरीनं एमएस्सीला प्रवेश घेतला, पण आधीच्या कॉलेजचे पात्रतेचे कागद येईनात. कागद नाहीत म्हणून विद्यापीठाचा नंबर नाही, नंबर नाही म्हणून आयडी नाही. ऑगस्टात ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "मामा, सगळ्यांचं चालू हाय, माझंच न्हाई." चांदसाहेबांनी तिला आपल्या नावावर जोडून दिलं. दरवर्षी अशी दोन-चार पोरं निघतच. पासवर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं घातला, तिला दिसू दिला नाही. एवढं केलं म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत होती. लॅपटॉप तो पासवर्ड लक्षात ठेवतो आणि रोज दारातून आत येताना नदाफ म्हणूनच हजेरी लावतो, हे त्यांना ठाऊक होतं. ते इतकं अंगावर येईल हे ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात टोचायला लागली. दिवाळीनंतर माया दुपारची त्यांच्या खोलीत येऊन बसायची. "लॅबमधी रेंज येत न्हाई, मामा." ते "बस की," म्हणायचे. पण इनामदारांच्या लॅबमधला वायफायचा डबा त्यांनीच शिडीवर चढून बसवला होता. साऱ्या इमारतीत सगळ्यात चांगली रेंज तिथेच होती. हे माहीत असून त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

चार वाजता त्यांनी कागद छापला. छापताना लॅपटॉपच्या नावाचा रकाना तेवढा वगळला.

शेट्यांनी कागद पाहिला आणि त्यांना हसू आलं. "हे काय? तुमचंच नाव?"

"व्हय सर."

"तुमच्या आयडीवर कोण बसलं होतं?"

"कुणी न्हाई. मीच भरला अर्ज."

"तुम्ही? रजेचा अर्ज लिहायचा तर चार चुका करता, नदाफ."

शेटे चांदसाहेबांकडे बघत राहिले. मग शेट्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. शेट्यांनी फोन उचलला.

"इनामदार, सुटलात. मुलगी-बिलगी कुणी नाहीच. आपला नदाफ निघाला... हो हो, कसला तरी राग असेल. तक्रार खोटी आहे असं आजच कळवतो मी."

"सर, तसं न्हाई ते," चांदसाहेब म्हणाले.

शेट्यांनी फोनवर हात ठेवला. "मग कसं? सांगा की. आहे कुणी मुलगी? नाव सांगा."

नाव जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"मग झालं तर. तुमची सेवा जुनी म्हणून पोलिसात जात नाही. संस्थेच्या लोणंदच्या शाळेत जागा आहे, सोमवारी हजर व्हा. आणि आयडी आजपासून बंद."

घरी आल्यावर चांदसाहेबांनी बायकोला, रहिमतबीला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"आवं, तुमी त्या पोरीला वाचवलं का त्या मास्तरला?"

"पोरीचं नाव झाकलं मी."

"तिनं झाकलंच व्हतं की आपलं आपण. पण पोरगी हाय, एवढं तरी दिसत व्हतं. आता तीबी दिसंना." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लोणंदचं काय नाय, जाऊ आपण. त्या पोरीचं बगा आदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदसाहेब खोली आवरत असताना माया आली. काखेत लॅपटॉप होता.

"मामा, नेट गेलं माझं. नाव चुकीचं म्हणतंय."

"बस," ते म्हणाले. "बस आदी."

त्यांनी एकही गोष्ट मागे न ठेवता सांगितली. यंत्रातली ओळ, वगळलेला रकाना, शेट्यांचा फोन. ऐकताना तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तुमाला कुणी सांगितलं व्हतं, मामा?" ती एकदम ओरडली. मग दाराकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "तीन महिने दम धरून लिवलं मी ते. तीन महिने! आन तुमी एका मिंटात खोटं ठरवलं."

"व्हय. चुकलं माझं."

"लय मोठं मन दाखवलं!"

"पोरी, मला वाटलं—"

"समद्यांना वाटतंच काय ना काय. मला कुणी इचारत न्हाई."

बाहेर जिन्यावरून पोरं धडाधड उतरत होती. ती पांगेपर्यंत चांदसाहेबांनी दार ओढून धरलं.

"मी लेखी देतो," ते शेवटी म्हणाले. "आयडी मी तुला दिला व्हता, अर्ज माझा न्हाई. आत्ता नेऊन देतो. पण तू व्हय म्हटलीस तरच."

"आयडी दुसऱ्याला दिला म्हणून तुमाला काढतील की."

"काढतील. ते माझं मी बगतो."

माया लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "तुमी दिलं तर म्हणतील, पोरीनं मामाला पढवलं. मीच लिवते परत. नाव घालून." ती जराशी हसली, पण ते हसू नव्हतंच. "आबाला कळलं तर पयली गोष्ट, शिक्षान बंद. लगीन लावून मोकळं व्हतील."

"मग नको लिवू आज. चार दिवस इचार कर."

"सोमवारी तुमी लोणंदला. मग कुणाच्या खोलीत बसू मी?"

चांदसाहेबांनी टेबलाच्या खणातून यादी काढली. नव्या आयडींची ती यादी आठवड्यापूर्वीच आली होती. कागद एकदाचे पोचल्यामुळे मायाचं नाव तिच्यात अकरावं होतं. तिचं काम चालू होतं म्हणून त्यांनीही घाई केली नव्हती. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि आधी त्यातलं स्वतःचं नाव काढून टाकलं. कॉलेजचं नेटवर्क नव्यानं निवडलं. हे नेटवर्क खरं कॉलेजचंच आहे, असं सांगणारं प्रमाणपत्र समोर आलं. त्यावर लिहिलेलं नाव त्यांनी अक्षर अक्षर तपासलं, तिलाही वाचायला लावलं, मग मान्य केलं. दोन रिकाम्या चौकटी उघडल्या.

"वर हा यादीतला आयडी घाल. खाली तुझा पासवर्ड. नवा कर. कुणाला सांगू नको, मलाबी न्हाई."

ते उठून दाराशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मागे लॅपटॉपच्या कळा वाजल्या.

"झालं, मामा. जोडलं."

"मग लिही."

बाहेर दोन मुली लॅपटॉप घेऊन आल्या. "मामा, आमचं वायफाय—"

"थांबा. आत काम चाललंय."

"किती येळ?"

"झाल्यावर सांगतो. तिकडं पायरीवर बसा जावा."

मुली कुरकुरत पायरीवर जाऊन बसल्या. मागे कळांचा आवाज बराच वेळ एका लयीत चालला आणि मग थांबला.

"मामा," माया म्हणाली. "नुसतं माझं नाव चालत न्हाई. बापाचं नाव मागतंय."

"त्या चौकटीपुढं चांदणी हाय का बग."

"हाय."

"मग लागतंय ते."

चांदसाहेब दाराच्या चौकटीला हात टेकून तसेच उभे राहिले. त्यांना मागे वळून बघावंसं वाटत होतं, पण ते वळले नाहीत. पायरीवरच्या मुली कशावरून तरी हसल्या आणि त्यांच्याकडे पाहून गप्प झाल्या.

बऱ्याच वेळानं मागे एक कळ वाजली. मग जरा थांबून दुसरी.